इलिनॉयमध्ये मका सोडून काही नाही म्हणे!

डोंगळा (धागाकर्ता)

परवा इथे एका सदस्यांनी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीवर लिहिलं. लेख छान, फोटो त्याहून छान. पण जाता जाता एक वाक्य टाकलंय: "आमच्या इलिनॉयमध्ये काय, मका आणि सोयाबीन. जनावर बघायचं तर हजार मैल गाडी हाणायची." आणि त्याच वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या! तिथेच लिहायला बसलो होतो, पण प्रतिसाद मारुतीच्या शेपटासारखा वाढला, म्हणून वेगळा धागा.

अहो, या राज्याचं टोपणनावच 'प्रेअरी स्टेट' आहे. १८२० च्या सुमाराला इथे सव्वादोन कोटी एकरांच्या आसपास गवताळ माळ होता. त्यातला चांगल्या अवस्थेत उरलेला आज जेमतेम अडीच हजार एकर. मका आहेच हो, पण तो कोणाच्या छाताडावर उभा आहे ते तरी बघा. ही काळी माती इतकी चिकट की जुन्या लोखंडी नांगराला गोळेच्या गोळे चिकटायचे, दर चार पावलांवर थांबून खरवडायला लागायचं. १८३७ साली जॉन डिअरने ग्रँड डिटूर नावाच्या खेड्यात पोलादी नांगर केला आणि खेळ संपला. त्याच खेड्यापासून अर्ध्या तासाच्या आत नाचूसा ग्रासलँड्स आहे, आणि तिथे ऑक्टोबर २०१४ मध्ये बायसन (अमेरिकेतले रानगवे) परत आणून सोडले. मे महिन्यात गेलो तर कळपात भाजक्या विटेच्या रंगाची वासरं होती. एक बुवा धुळीत पाठ घासत चारी पाय वर करून लोळत होता, गावच्या ओढ्यावर म्हैस लोळावी तसा. हजार मैल नाही, शिकागोहून दोन तास.

पण माझी लाडकी जागा जंगल नाही, स्मशान आहे. मॅकलीन काउंटीतली वेस्टन सिमेट्री प्रेअरी. जेमतेम पाच एकर. चहूकडे मका, मध्ये पहिल्या वसाहतकऱ्यांची थडगी, आणि तिथे कधी नांगरच न फिरल्यामुळे मूळचं गवत जसंच्या तसं. थोडक्यात देवराई. आपल्याकडे देवाच्या धाकाने कुऱ्हाड थांबली, इथे मेलेल्यांच्या भिडेने नांगर. कंपास प्लांट नावाच्या माळावरच्या रोपाचं पान हाताला सँडपेपरसारखं लागतं आणि उन्हात कडा बरोबर उत्तर-दक्षिण धरून उभं राहतं. एका बाजूने मोनार्क फुलपाखरं मिल्कवीडवर (आपल्या रुईचं भावंडच, मोडलं की तसाच चीक), दुसऱ्या बाजूने कंबाइन हार्वेस्टर.

नद्यांवर लिहायला घेतलं तर रात्र होईल. पश्चिमेला मिसिसिपी, दक्षिणेला ओहायो, पूर्वेला वाबाश, पोटातून इलिनॉय नदी. जानेवारीत स्टार्व्ह्ड रॉकच्या बंधाऱ्याखाली पाणी गोठत नाही, तिथे बाल्ड ईगल मासे उचलतात. आणि खाली राज्याच्या दक्षिण टोकाला शॉनीच्या ओक-हिकरीच्या जंगलात एक रस्ता वर्षातून दोनदा गाड्यांना बंद असतो, कारण साप तो ओलांडत असतात. हिवाळा संपला की कड्यांतून दलदलीकडे, थंडी आली की परत. सापांसाठी रस्ता बंद! दुसरीकडे कुठे ऐकलंय?

नेपरव्हिलची सून

लेख वाचायला गोड आहे. निसर्ग तुमच्या डेकवर येऊन गणपतीसाठी वाढवलेली जास्वंद खाऊन जातो तेव्हा कळतं. पाच महिने घरात जपली, मेमध्ये बाहेर काढली, ऑगस्टमध्ये अकरा कळ्या मोजून ठेवलेल्या. सकाळी बघते तर नुसते खराटे, आणि हरीण दहा फुटांवर उभं राहून रवंथ करत माझ्याकडेच बघतंय.

आणि कायोटींबद्दल (कोल्ह्या-लांडग्यांचे इथले भाऊबंद) एक ओळ नाही? आमच्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर कुत्र्याला एकटं सोडायची सोय नाही.

हायवे ५५

ताई, तुमची जास्वंद गेली, माझी गाडी गेली. नोव्हेंबर, संध्याकाळचे साडेपाच, ब्लूमिंग्टनच्या अलीकडे. हरीण डावीकडून आलं. बॉनेट, रेडिएटर, एअरबॅग. विमावाल्यांनी सहा आठवडे असा काही छळ मांडला की जणू हरीण मीच सोडलं होतं. एक बाई फोनवर विचारते, "हरणाने इंडिकेटर दिला होता का, असं नाही विचारत मी, पण तुम्ही हॉर्न वाजवला होता का?" तेव्हापासून 'वन्यजीव' शब्द ऐकला की मला डिडक्टिबल (विमा असूनही आपल्याच खिशातून भरायची रक्कम) आठवतं.

डोंगळा

@सूनबाई, शिकागोच्या कायोटींवर २००० सालापासून संशोधन चालू आहे. स्टॅनली गेर्ट आणि त्यांची माणसं पकडून, गळ्यात पट्टे घालून सोडतात. उंदीर, ससे आणि कॅनडा गूजची अंडी हा त्यांचा मुख्य धंदा. २००७ मध्ये तर एक कायोटी शिकागोच्या भर मध्यवस्तीत, लूपमधल्या सँडविचच्या दुकानात शिरून थंड पेयांच्या कपाटात जाऊन बसला होता. कोणाला चावला नाही. दुपारच्या गर्दीत इतकं सभ्य गिऱ्हाईक त्या दुकानाने दुसरं पाहिलं नसेल.

@हायवे, तुमचं वाईट झालं खरं. पण हीच हरणं शिकारीने इथून जवळजवळ संपली होती आणि १९३३ पासून बाहेरून आणून सोडली गेली. लांडगे, प्यूमा (डोंगरी सिंह) आधीच मारून झाले होते, मग हरणं माजणारच. २००८ मध्ये एक प्यूमा डकोटाच्या ब्लॅक हिल्समधून चालत पार शिकागोपर्यंत आला, तर तिथल्या रॉस्को व्हिलेज वस्तीत पोलिसांनी गोळ्या घातल्या.

हायवे ५५

म्हणजे माझ्या रेडिएटरला प्यूमा नसणं जबाबदार. बरं, विमावाल्यांना कळवतो.

सुरमईवाला

एवढं पुराण लिहिलंत आणि इलिनॉय नदीतल्या खऱ्या जनावराचं नाव नाही? उड्या मारणारा सिल्व्हर कार्प! इंजिनाचा आवाज झाला की शंभर-शंभर पाण्याबाहेर. गेल्या वर्षी बाबा रत्नागिरीहून आले होते, त्यांना नदीकाठच्या हॅवनाला (क्यूबातलं नव्हे, इथलंच) बोटीत घेऊन गेलो. पाच किलोचा एक थेट त्यांच्या छातीवर. म्हातारा पडला, पण मासा सोडला नाही! दोन्ही हातांनी कवटाळून आडवा. उठल्यावर पहिलं वाक्य: "इथे गळ कशाला लागतो रे?"

डोंगळा

सुरमईवाले, धागा इथल्या मूळच्या प्राण्यांवर आहे. कार्प मूळचे नाहीत. ७० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्कान्सामध्ये तळी साफ ठेवायला आणले, तिथून निसटले आणि नद्या चढत आले. गिझर्ड शॅड, बिगमाउथ बफेलो या इथल्या माशांच्या तोंडचं प्लवंक (पाण्यातले तरंगते सूक्ष्म जीव) पळवतात. कौतुक करायचं असेल तर वेगळा धागा काढा.

सुरमईवाला

कौतुक कोण करतंय? खातोय.

घारापुरी

सीकेपी माणूस आहे, स्पष्ट बोलतो. नदीचा मासा म्हणजे चिखल. त्यात कार्प. काटे किती ते मोजायला सीए लागेल. पापलेट मिळत नाही म्हणून इतकं खाली उतरायचं?

भिगवणकर

घारापुरी, तोंड सांभाळून. आम्ही उजनीच्या काठची माणसं, गोड्या पाण्यावर वाढलो. आमच्याकडे चंदेरा म्हणतात तो हाच सिल्व्हर कार्प, धरणांत सरकारनेच सोडलेला. आणि चिखलाचा वास तळ उकरणाऱ्या माशाला येतो. हा वरचं पाणी गाळून जगतो, म्हणून तर गळाला लागत नाही. आधी माहिती घ्या, मग जात सांगा.

काट्याचं म्हणाल तर पाठीकडच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे असतात. तुकडीला सुरीने अगदी जवळजवळ आडव्या चिरा द्यायच्या, कण्यापर्यंत, आणि कडकडीत तेलात सोडायची. बारीक काटे कुरकुरीत होऊन जातात.

घारापुरी

"काटे कुरकुरीत होऊन जातात" हे वाक्य ज्याला अभिमानाने लिहावं लागतं त्याच्याशी मी वाद घालत नाही.

बंगालची_जावईबापू

सासुरवाडीत याला कटलाचा गरीब चुलतभाऊ म्हणतात आणि मोहरीच्या वाटणात घालून मुकाट्याने खातात. डोकं टाकू नका. बाकी चालू द्या.

फक्त_वाचक

२०२२ मध्ये इलिनॉय सरकारनेच याचं बारसं केलंय, 'कोपी' म्हणून. लोकांनी खावा म्हणून. आधी 'एशियन कार्प' होता, त्यावर आशियाई लोकांनी तक्रार केली म्हणून 'इन्व्हेसिव्ह कार्प' झाला.

व्हिसाच्या_रांगेत

बरोबरच आहे ना तक्रार. बारा वर्षं ग्रीनकार्डच्या रांगेत आहे. "एशियन आले आणि आमचं खाणं पळवलं" हे वाक्य मी माशाबद्दल ऑफिसच्या पॅन्ट्रीत ऐकलं तेव्हा हातातला डबा तसाच बंद केला. तुम्ही सगळे इथे 'मूळचे' आणि 'बाहेरचे' करताय ते जरा जपून करा. आपण कोण आहोत? आणि तुमचा मका तरी इलिनॉयचा आहे का?

डोंगळा

माशाचा आणि माणसाचा काय संबंध? हेच चुकतं इथे. परिसंस्थेबद्दल बोललं की लगेच व्हिसा.

व्हिसाच्या_रांगेत

तुमच्याकडे पासपोर्ट अमेरिकेचा आहे म्हणून संबंध दिसत नाही.

डोंगळा

माझा पासपोर्ट कुठला ते तुम्हाला कसं कळलं? व्यक्तिगत जाऊ नका. माशाला त्याच्या नदीतून उचलून इथे आणलं माणसाने, चूक माणसाची, हे मी कधी नाकारलं? मिसिसिपीचं पाणी आणि मिशिगन सरोवर जोडलं तेही माणसानेच, १९०० साली शिकागो नदी उलटी वाहवून. आता तोच माणूस रोमिओव्हिलला कालव्यात विजेचा अडथळा लावून बसलाय आणि जोलिएटजवळ ब्रँडन रोडला दुसऱ्याचं काम चाललंय. एक अब्ज डॉलरच्या वर खर्च.

बरं, 'बाहेरचे' हा शब्द मागे घेतो. 'आणलेले' म्हणतो. झालं समाधान?

व्हिसाच्या_रांगेत

अर्धं.

सुरमईवाला

वादात मुद्दा राहिला. बाबांनी त्या दिवशी मासा घरी आणून स्वतः साफ केला (तिथेच मारून आणला, जिवंत नेणं बेकायदा आहे, कायदेपंडितांनी उठू नये). तिरफळं टाकून कालवण. निकाल: "सरंग्याच्या पायाशी बसायची लायकी नाही, पण रोहूपेक्षा बरा." माझ्या बाबांच्या तोंडून गोड्या पाण्यातल्या माशासाठी हे पद्मश्रीच्या बरोबरीचं आहे.

घारापुरी

तिरफळं घातली तर पुठ्ठाही बरा लागतो.

निवृत्त_मास्तर_बार्शी

मुलीकडे शँपेनला आलो आहे, वेळ भरपूर, म्हणून सगळं वाचलं. मासे बाजूला ठेवा हो जरा.

डोंगळाराव, बायसनवर लिहिलंत, पण या माळाचा खरा धनी प्रेअरी चिकन हा पक्षी, त्याला विसरलात. एके काळी इथे लाखोंनी. १९९४ च्या सुमाराला साऱ्या राज्यात पन्नाससुद्धा उरले नव्हते. आपापसांत जुगून जुगून अंडी वांझ निघायला लागली, तेव्हा कॅन्ससहून पक्षी आणून रक्त बदललं. एप्रिलमध्ये जावयाने न्यूटनजवळ प्रेअरी रिजला नेलं होतं. पहाटे साडेपाच, बोटं गारठलेली. नर मानेच्या दोन्ही बाजूंना नारिंगी फुगे फुगवतो, पाय आपटतो आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा घुमतो. सात नर मोजले. माझ्या शेजारी एक अमेरिकन म्हातारी हुंदके देत होती, आणि मला राग येत होता.

कारण आमच्या नान्नजला मी चाळीस वर्षांपूर्वी पोरं घेऊन जायचो तेव्हा माळढोक दिसला नाही असं होत नसे. आता दिसला तर बातमी होते. आमच्याकडे माळ म्हणजे पडीक. सात-बारावर तसंच लिहितात. मग तिथे झाडं लावा, सौर पॅनल लावा, कालवा न्या. आमच्या तलाठ्याला गवत हे 'काही नाही' वाटतं, तसंच तुमच्या त्या यलोस्टोनवाल्यांना वाटलं. आणि तुम्ही त्यांच्यावर चिडताय ते बरोबरच आहे, फक्त इथल्या अडीच हजार एकरांसाठी जेवढे चिडलात तेवढे सोलापूरच्या माळासाठी कधी चिडला होतात?

डोंगळा

मास्तर, सुट्टीत गावी गेलो की सिंहगड करतो, भुलेश्वर करतो. नान्नजला गेलो नाही. खोटं कशाला बोलू.

पण एक सांगा, तुमच्यासाठी कॅन्सस कुठलं? इथे दुसऱ्या राज्यातून पक्षी मिळाले.

निवृत्त_मास्तर_बार्शी

जैसलमेर. तिथे अंडी उबवून पिल्लं वाढवताहेत. पण पक्षी मिळाला तरी उतरवायचा कुठे, उसात?

यलोस्टोनवाला

ज्यांच्या नावाने एवढा शिमगा चाललाय तो मीच. एका वाक्यावर अख्खं गाव उठलं. ठीक, मका सोडून इलिनॉयमध्ये स्मशान आहे, साप आहेत आणि छातीवर उडणारा मासा आहे. पर्यटन खात्याला कळवा.

गंमत सोडा. काल मुलांना घेऊन मिडेविनला गेलो, जोलिएटजवळच्या जुन्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या जागेवर. दीड तास चाललो, बायसन एकही दिसला नाही. बाराशे मैलांवर दिसतो, चाळीस मैलांवर नाही, हे नोंदवून ठेवा. पण धाकटीला मिल्कवीडच्या पानामागे काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडली आणि तिला यलोस्टोनचा गीझर (जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं) आता आठवत नाही. एवढंच कबूल करतो. त्या वेस्टनचा पत्ता द्या.

डोंगळा

मार्ग २४ ने चेनोआहून पूर्वेला. ऑगस्टमध्ये जा. गाडी आत घालू नका, फुलं तोडू नका, आणि धाकटीला लांब बाह्यांचा सदरा घाला, टिक (गोचीड) असतात.

नेपरव्हिलची सून

हरीण परत आलंय. आत्ता. या खेपेला कढीपत्ता.

सुरमईवाला

ताई, कढीपत्ता उरला असेल तर चार पानं ठेवा. शनिवारी हॅवनाला चाललोय.