स्क्रिप्टने तयार होणारे दुवे गूगलला दिसतात का?

प्रश्न (रावेर):
आमच्या घरची तीन संकेतस्थळे आहेत: केळीची टिश्यूकल्चर रोपे, केळीचे वेफर्स आणि ठिबकचे सुटे भाग. तिन्हींच्या तळाशी एकमेकांचे दुवे दाखवणारी पट्टी एकाच जावास्क्रिप्ट फाइलमधून येते. हे दुवे गूगल मोजते का, आणि मोजत असल्यास ती लबाडी ठरेल का?

उत्तर (भुसावळ):
भाऊ, गूगल आधी सर्व्हरकडून आलेले एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) वाचते आणि नंतर तेच पान क्रोमियममध्ये (क्रोम ज्यावर बेतलेला आहे त्या ब्राउझरमध्ये) चालवून स्क्रिप्टने घातलेले दुवेही उचलते. हे क्रोमियम २०१९ पासून अद्ययावत ठेवले जाते. मात्र दुवा ‘ए’ टॅगमध्ये (एचटीएमएलमधील दुव्याच्या खुणेत) असावा आणि तिच्या ‘एचरेफ’ या भागात खरा पत्ता असावा. नुसत्या ‘ऑनक्लिक’वर उघडणाऱ्या बटणामागे गूगलचा बॉट (पाने वाचत फिरणारा प्रोग्राम) जात नाही, कारण तो बटणे दाबत बसत नाही. ती जावास्क्रिप्ट फाइल रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (बॉटने काय वाचू नये हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) अडवलेली नाही ना, तेही पाहा.

उत्तर (धुळे):
एकाच घरच्या तीन स्थळांनी एकमेकांची ओळख देण्यात गैर काही नाही. पट्टीत ‘जळगाव स्वस्त केळी रोपे’ अशी शब्दांची खोगीरभरती केली, किंवा केवळ क्रमांकासाठी डझनभर स्थळे उभी केली, तर मात्र तो स्पॅम ठरतो, मग दुवा स्क्रिप्टने घाला की हाताने. शंका असल्यास दुव्याला ‘नोफॉलो’ (हा दुवा मोजू नका, अशी खूण) लावा. २०१९ च्या घोषणेनंतर गूगल त्याला आदेश न मानता सूचना मानते, एवढे ध्यानात असू द्या.

प्रश्नकर्ता (रावेर):
पाहिले. वेफर्सचा दुवा ‘ऑनक्लिक’चाच निघाला, आजच बदलतो.