मदत हवी आहे: मॉनिटर एकदा झोपला की उठायचं नाव घेत नाही

निशाचर

नमस्कार मंडळी. डेस्कटॉप आहे, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड, आणि डिस्प्लेपोर्टच्या केबलने जोडलेला २७ इंची मॉनिटर. विंडोज ११. स्क्रीन १० मिनिटांनी बंद व्हावी असं सेटिंग ठेवलंय. संगणकाने स्वतः झोपायचं सेटिंग मात्र ‘कधीच नाही’ वर आहे.

स्क्रीन काळी झाल्या झाल्या माउस हलवला तर चित्र लगेच येतं. पण तासाभराने परत आलो की मॉनिटर ढिम्म. पांढरा दिवा पिवळा झालेला असतो आणि पिवळाच राहतो. मॉनिटरचं बटण बंद-चालू केलं की कंपनीचा लोगो येतो, मग ‘सिग्नल नाही, पॉवर सेव्हिंग’ अशी पाटी क्षणभर दिसते आणि पुन्हा काळोख. शेवटी कॅबिनेटचं बटण दाबून धरायचं, सगळं बंद पाडायचं, पुन्हा चालू करायचं. मग जणू काही झालंच नाही असं चित्र हजर. उघड्या फायलींवर मात्र दरवेळी पाणी सोडावं लागतं.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नवीन टाकून झाला. की-बोर्ड आणि माउस दुसऱ्या यूएसबीत लावून झाले. ढिम्म ते ढिम्मच. मॉनिटर गेलाय की कार्ड? खरेदीला निघण्याआधी दोष कुणाचा ते तरी कळू दे.

आळशी मुंगी

स्क्रीन बंद करायचं सेटिंगही ‘कधीच नाही’ करा आणि उठून जाताना मॉनिटरचं बटण दाबा. विषय संपला.

निशाचर

केलं होतं तेही. बटणाने बंद करून बऱ्याच वेळाने चालू केला तरी कधीकधी हाच प्रकार होतो.

वायरमन

वरचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्याकडे नंतर येतो. आधी एक गोष्ट पक्की करा: झोपलंय कोण? ‘मॉनिटर उठत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा मॉनिटर धडधाकट असतो, संगणकच उठलेला नसतो. दोन्ही वेळा समोर दिसतं तेच, काळी स्क्रीन आणि पिवळा दिवा.

पुढच्या वेळी स्क्रीन गेली की कॅबिनेटच्या बटणाला हात लावू नका. की-बोर्डवर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा प्रत्येक दाबेला लागत-विझत असेल तर संगणक जागा आहे, कारण तो दिवा की-बोर्ड आपल्या मनाने लावत नाही, आतली विंडोज त्याला लाव म्हणून सांगते. दिवा हललाच नाही तर संगणक झोपलाय किंवा अडकलाय, आणि मग शोध वेगळ्या वाटेने करावा लागेल. की-बोर्डला दिवा नसेल तर पेन ड्राइव्ह खोचा आणि स्पीकरमधून तो ओळखीचा ‘टुंग’ येतो का ऐका.

संगणक जागा निघाला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू होतो, उघडं काम जात नाही. त्यानेही चित्र आलं नाही तर डिस्प्लेपोर्टची केबल मॉनिटरकडून काढून पुन्हा लावा. काय होतं ते लिहा.

चौकस

केबल काढताना बाजूचा खटका दाबायला विसरू नका. बहुतेक डिस्प्लेपोर्ट केबलींना असतो. तसंच ओढलं तर सॉकेट हातात येईल.

निशाचर

करून पाहिलं. कॅप्स लॉकचा दिवा व्यवस्थित लागतो-विझतो. पेन ड्राइव्हचा आवाजही आला. चार बटणं दाबल्यावर एक बीप ऐकू आलं, चित्र नाही. पण केबल काढून लावली आणि चित्र आलं! फक्त सगळ्या खिडक्या आकसून डाव्या कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या.

म्हणजे केबल खराब?

वायरमन

केबल असू शकते, पण माझा पहिला संशय मॉनिटरच्या झोपायच्या पद्धतीवर आहे. तुमच्या आकसलेल्या खिडक्यांनीच चुगली केली.

जुन्या व्हीजीएच्या (मॉनिटर जोडायच्या जुन्या पद्धतीच्या) दिवसांत हे काम सरळ होतं. व्हेसा या संस्थेने १९९३ मध्ये डीपीएमएस नावाची पद्धत आणली. संगणक मॉनिटरकडे दोन प्रकारचे ठोके पाठवायचा, आडव्या ओळींचे आणि उभ्या फेऱ्यांचे. त्यातले कोणते थांबले यावरून मॉनिटरने किती गाढ झोपायचं ते ठरायचं. दोन्ही थांबले की तो जवळजवळ बंद. ठोके सुरू झाले की उठायचं. मॉनिटर परत काही बोलतो का याची वाट बघायची गरज संगणकाला नव्हती.

डिस्प्लेपोर्टमध्ये कारभार दुतर्फी आहे. चित्र पाठवण्याआधी कार्ड मॉनिटरशी बोलून वेग वगैरे ठरवून घेतं. आणि ‘मी इथे जोडलेला आहे’ हे सांगायला मॉनिटर एका वेगळ्या तारेवर व्होल्टेज धरून ठेवतो. त्याला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. आता काही मॉनिटर थोडा वेळ हलके झोपतात आणि मग वीज आणखी वाचवायला डीप स्लीपमध्ये जातात. तिथे गेल्यावर ही तारही सोडून देतात. कार्डाच्या दृष्टीने मॉनिटर कुणीतरी उपटून नेला! विंडोज तो यादीतून काढते, खिडक्या दुसऱ्या कुठल्यातरी लहान काल्पनिक स्क्रीनवर हलवते. म्हणून त्या आकसल्या.

तुम्ही माउस हलवता तेव्हा संगणक जागाच असतो, पण त्याच्या लेखी मॉनिटरच नाही, मग चित्र पाठवणार कुणाला? आणि मॉनिटर म्हणतो, सिग्नल आला की उठतो. दोघेही एकमेकांच्या फोनची वाट बघत बसलेत. केबल काढून लावली की ती तार पुन्हा जिवंत होते आणि बोलणं पहिल्यापासून सुरू होतं. लगेच परत आलात तर चित्र येतं आणि तासाभराने येत नाही, याचंही कारण हेच असावं. आणि तुम्ही आळशी मुंगींना सांगितलंत ना, बटणाने बंद केला तरी होतं? बऱ्याच मॉनिटरमध्ये बटणाने बंद केलं तरी ही तार सुटते.

तेव्हा मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत शिरा, विंडोजच्या नाही. डीप स्लीप, डीपी स्लीप, पॉवर सेव्हिंग, इको अशा कुठल्याही नावाने लपलेलं असेल. ते बंद करा. शिवाय इनपुट ‘ऑटो’ वर असेल तर ‘डिस्प्लेपोर्ट’ वर पक्कं करा. ऑटोवर असलेला मॉनिटर उठल्यावर एचडीएमआयकडे बघ, मग दुसऱ्या पोर्टकडे बघ असं करत फिरतो, आणि तेवढ्यात कार्ड कंटाळून गप्प बसतं.

आळशी मुंगी

एवढा त्रास आहे तर कंपन्या हे सेटिंग मुळात चालू का ठेवतात?

वायरमन

नियमांमुळे. युरोपीय संघात २०१३ पासून अशा नुसत्या वाट बघत पडलेल्या उपकरणांना अर्ध्या वॉटची मर्यादा लागू झाली. जगभर विकायचा मॉनिटर त्या मापातच बनवतात. बंद केल्याने तुमचा मॉनिटर झोपेत थोडी जास्त वीज खाईल, पण बिलात कळण्याइतकी नाही.

खुडबुड्या

वायरमन यांच्याशी सहमत, पण केबलला इतक्या लवकर सोडून देऊ नका. डिस्प्लेपोर्टच्या २० नंबरच्या पिनेवर ३.३ व्होल्ट असतात. ते लहानसहान अॅडॉप्टर चालवायला दिलेले आहेत. साध्या केबलीत ही पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेली नसावी असं मानकच सांगतं. तरी बाजारात जोडलेल्या केबली सापडतात. मग मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते आणि काहीही चमत्कार दिसतात. संगणक पूर्ण बंद आहे, मॉनिटर चालू आहे, आणि तरी कार्डावरचा किंवा पंख्याचा दिवा मंद पेटलेला दिसतो. केबल काढली की तो विझला तर ती केबल सरळ टाकून द्या.

आणि एकदा एचडीएमआयने जोडून तासभर सोडून पाहा. त्याने बिनतक्रार उठला तर मॉनिटरचा पॅनेल आणि पॉवर सप्लाय ठीक आहे असं समजा. नवीन मॉनिटर घ्यायचा विचार तिथेच संपतो.

जुनी खोड

माझा अनुभव अगदी उलटा आहे, म्हणून लिहितो. कुणाला उपयोग होईल. माझा मॉनिटर जुना होता, व्हीजीएवर. आधी उठायला दोन-चार सेकंद घ्यायचा, मग मिनिट, शेवटी दिवा लुकलुकायचा, आतून टिक-टिक आवाज यायचा आणि पाच वेळा बटण दाबलं की कसाबसा पेटायचा. एकदा गरम झाला की दिवसभर उत्तम. ही लक्षणं मॉनिटरच्या आतल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फुगल्याची. सेटिंग बदलून त्याला काही होत नाही.

आणखी एक: चित्र खरंच नाही, की आहे पण दिसत नाही? खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. पुसट खिडक्या, आयकॉन दिसले तर चित्र येतंय, मागचा प्रकाश गेलाय.

मात्र मॉनिटर स्वतः उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ वीज साठून राहते. मी दुरुस्ती करणाऱ्याकडे नेला, त्याने बशीत काढून दाखवले, डोकी वर आलेली आणि तपकिरी चिकटा सांडलेला.

चौकस

निशाचर यांचा मॉनिटर केबल काढून लावताच उठतो, म्हणजे हे प्रकरण त्यांचं नाही. पण धागा शोधत येणाऱ्यांसाठी छान माहिती.

लिनक्सवाल्यांसाठी जाता जाता: असंच अडकलं तर कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ दाबून मजकुराच्या स्क्रीनवर जायचं आणि मग परत आपल्या चित्रमय स्क्रीनवर यायचं. ती कोणत्या एफ-बटणावर आहे ते लिनक्सच्या प्रत्येक प्रकारात वेगळं असतं, एफ १, २ किंवा ७ वर बघा. बऱ्याचदा तेवढ्याने मॉनिटरला जाग येते.

निशाचर

सगळ्यांचे आभार. डीप स्लीपचं सेटिंग सापडलं. पॉवरच्या रकान्यात नव्हतं, ‘इतर’ नावाच्या रकान्यात भाषा आणि मेनूच्या पारदर्शकतेच्या खाली बसलं होतं. कोण ठेवतं तिथे? बंद केलं, इनपुटही डिस्प्लेपोर्टवर पक्कं केलं. रात्रभर सोडला, सकाळी माउस हलवताच उठला. खिडक्याही जागच्या जागी.

केबलची चाचणीही केली. संगणक बंद असताना कुठलाही दिवा पेटलेला नाही. एचडीएमआयवरही नीट उठतो, पण माझ्या मॉनिटरच्या त्या पोर्टवर रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) कमी मिळतो, म्हणून परत डिस्प्लेपोर्टवर आलो.

एकच खोड उरली आहे. मी मुद्दाम स्टार्ट मेनूतून संगणकाला स्लीपमध्ये घातला, तर उठल्यावर एकदा पुन्हा काळी स्क्रीन आली. रोज नाही होत. त्याचं काय करू?

खुडबुड्या

ही बाजू संगणकाची आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघडा. तिथे पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्ड ज्या जोडणीवर बसतं ती) याखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट असेल, ते ‘ऑफ’ करा. स्लीपहून उठताना कार्ड अर्धवट जागं राहण्याच्या तक्रारी त्याने बऱ्याचदा मिटतात. तरी नाही गेलं तर मदरबोर्डचं बायोस आणि मॉनिटरचं फर्मवेअर (दोन्ही म्हणजे उपकरणाच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर) यांच्या नव्या आवृत्त्या आल्यात का बघा. ड्रायव्हर तुम्ही टाकलाच आहे.

वायरमन

आणि तोवर पुन्हा काळी स्क्रीन आलीच तर कॅबिनेटचं बटण दाबून धरू नका, त्याने वीज तुटते आणि फायली जातात. आताच सेटिंगमध्ये जाऊन ‘पॉवर बटण दाबल्यावर काय करायचं’ याला ‘स्लीप’ निवडून ठेवा. अडकलं की आधी कंट्रोल-एस दाबून फाइल सेव्ह करायची, मग बटण एकदाच हलकेच दाबायचं. पंखे थांबले की पुन्हा एकदा. संगणक झोपून उठतो आणि मॉनिटरशी बोलणं नव्याने सुरू होतं.

निशाचर

लिंक स्टेटचं सेटिंग ‘ऑफ’ केलं, बटणही स्लीपवर लावलं. आज मुद्दाम बऱ्याचदा झोपवून उठवला, प्रत्येक वेळी चित्र आलं. पुन्हा अडकला तर इथेच लिहीन.