मदत हवी आहे: पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका खाली केला की हॅमर (मागचा घोडा) आपोआप पडते, हे बरोबर आहे का?

राजेहो नमस्कार. मी दारव्ह्याकडचा कास्तकार. बाबांची सत्तरी झाली म्हणून त्यांचं लायसन वारसाहक्कानं माझ्या नावावर झालं, कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारून मारून झालं एकदाचं. वस्तू म्हणजे .३२ बोअरचं वॉल्थर पीपी, आजोबांच्या काळातलं. बाबांनी ते कधी चालवलंच नाही, इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करायचं, आचारसंहिता संपली की आणायचं, तेल लावून आलमारीत कुलूपबंद. त्यामुळे मले शिकवणारं घरात कोणीच नाही.

परवा मॅगझिन काढलं, स्लाइड तीनदा ओढली, चेंबर रिकामं हाय हे टॉर्च लावून पाह्यलं, मग हॅमर मागं असताना स्लाइडवरचा खटका खाली केला तर खट्कन हॅमर पडली ना! मी चापाला बोटही लावलं नव्हतं. हातपाय गार पडले, पलीकडच्या खोलीत लेकरं झोपली होती.

आता हा बिघाड आहे की बनावटच तशी आहे? चेंबरात गोळी असती तर काय झालं असतं? आणि मावसभावाच्या पिस्तुलात खटका खाली फ्रेमवर आहे, तो वर केला की सेफ अन् हॅमर मागंच राहते, माझ्यात खाली केला की सेफ, मग हे उलटं काहून? रात्रीची लाइन असते तेव्हा वावरात एकटाच ओलिताला जातो, सोबत न्यायच्या आधी हे नीट समजून घ्यायचं आहे.

प्रतिसाद १
भाऊ, घाबरू नका, बनावटच तशी आहे. मी फौजेतून रिटायर, आता वर्ध्याला असतो. वॉल्थर पीपी १९२९ चं डिझाइन, त्यातला एकच खटका दोन कामं करतो, सेफ्टी पण आणि डीकॉकर पण, म्हणजे मागं ओढलेली हॅमर गोळी न सुटता खाली सोडणारा. खाली केला की आधी फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर आदळणारी सुई, अडवली जाते आणि मग हॅमर पडते, म्हणून ती पिनवर आदळत नाही. नंतर खटका वर केला की लाल ठिपका दिसतो, म्हणजे फायरला तयार. हॅमर खालीच असल्यानं पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड ओढावा लागतो, दुसरीपासून हलका, याला डबल ॲक्शन–सिंगल ॲक्शन म्हणतात.

मावसभावाचं सिंगल ॲक्शन दिसतं, १९११ च्या पद्धतीचं. त्यात चाप हॅमर मागं ओढतच नाही, नुसती सोडतो, म्हणून हॅमर मागं ठेवून सेफ्टी लावतात, तिथं डीकॉकरचं कामच नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं बघा. बेरेटा ९२ एफएस तुमच्यासारखंच, खाली म्हणजे सेफ. सिग पी२२६ ला नुसता डीकॉकर, सेफ्टीचा खटकाच नाही. मूळ सीझेड ७५ ला सेफ्टी आहे पण डीकॉकर नाही, हॅमर अंगठ्यानं धरून हळू सोडावी लागते आणि अंगठा निसटला की गोळी सुटते, म्हणून डीकॉकरवालं बीडी मॉडेल मला जास्त पटतं. ग्लॉकला तर बाहेर खटकाच नाही, चापातच पाती असते. यातली ९ एमएमवाली आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, फक्त समजायला सांगितली. दोन्ही भावांनी एकमेकांचं पिस्तूल हातात घेऊ नका, अंगठ्याची सवय उलटी पडते आणि घाईत तेच नडते.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण ते नव्या पिस्तुलाचं झालं. एवढ्या जुन्यात आतला भाग झिजला असेल तर खटक्यावर भरवसा ठेवायचा नाही. लायसनवाल्या गन दुकानातल्या आर्मररला, म्हणजे हत्यारं तपासून दुरुस्त करणाऱ्याला, दाखवल्याशिवाय गोळी भरून डीकॉक करून पाहूच नका. नंतरही डीकॉक करताना नळी कायम वाळू भरलेल्या बादलीकडे, बोट चापाबाहेर. आणि रानडुकरासाठी नेत असाल तर विचार सोडा, .३२ नं डुक्कर पडत नाही, जखमी होऊन अंगावर येतं, अन् वनखात्याची केस होते ते वेगळंच.

धागाकर्ता
लै आभार दोघांचे. लाल ठिपका आत्ता पाह्यला, आहे तसाच, इतकी वर्षं तो रंग उडाल्याचा डाग समजत होतो आम्ही. डुकरासाठी नाही दादा, फटाके आहेत त्याले. आर्मररकडे दाखवल्याशिवाय वावरात नेत नाही, गोळ्या आजच वेगळ्या डब्यात कुलपात टाकल्या. सोमवारी एसटीनं नागपूरला जातो. लायसनची मूळ प्रत सोबत असली की पुरते का, की आधी ठाण्यात कळवून जाऊ?