खोपोली स्टेशन: १८५६ ही तारीख नेमकी कशाची?

घाटपायथा (प्रश्न)
खोपोली स्टेशनच्या इतिहासावर एक माहितीफलक करायचा आहे. मजकूर साधारण १२० शब्दांचा. वाचायला घेतले आणि तीन ठिकाणी अडलो.

१) बहुतेक ठिकाणी १२ मे १८५६ अशी तारीख दिसते. ती खोपोली स्टेशनची की मार्गाची?
२) आज कर्जत-खोपोली हा एकेरी फाटा आहे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली, संपला. मुंबई-पुणे मार्ग पळसदरीहून वर घाटात जातो. मग पुण्याला न जाणारा हा फाटा इतक्या आधी का बांधला?
३) स्टेशनात आणि आसपास जे जुने लोखंड, दगड दिसतात त्यांचा काळ कसा ठरवायचा? आणि कागदपत्रे कुठे मिळतील?

ऐकीव गोष्टी नकोत. फलकावर एकदा रंगवले की पुढची पन्नास वर्षे तेच खरे मानले जाते.

सांधेवाला
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच पहिल्याचे उत्तर आहे. खोपोलीला "फाटा" म्हणून बांधलेच नव्हते. तो मुख्य मार्ग होता आणि खोपोली हे त्याचे शेवटचे स्टेशन.

क्रम असा: बोरीबंदर-ठाणे १६ एप्रिल १८५३, कल्याण १ मे १८५४, आणि पळसदरीमार्गे खोपोली १२ मे १८५६. पलीकडे घाटमाथ्यावर खंडाळा-पुणे हा तुकडा १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. मधला बोरघाट मात्र १४ मे १८६३ ला उघडला. म्हणजे खोपोली सात वर्षे आणि दोन दिवस पुण्याच्या वाटेवरचे रेल्वेचे टोक होते. १८५८ पर्यंत खोपोलीपासून पुण्यापर्यंतचा सगळा प्रवास रस्त्याने. त्यानंतरची पाच वर्षे लोक खोपोलीला उतरत, पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसत.

खोपोलीच का? कारण रस्ता. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये, माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना खुला झाला होता आणि तो खोपोलीतूनच वर चढतो. रेल्वेला घाट फोडायला वेळ लागणार हे उघड होते. तोवर उत्पन्न हवे तर रूळ तयार रस्त्याच्या पायथ्याशी नेऊन पोचवणे हाच शहाणपणा.

घाटाची चढण मात्र खोपोलीहून धरली नाही, मागे पळसदरीहून धरली. सुमारे २५ किलोमीटरमध्ये साधारण ५५८ मीटर चढायचे होते. कमाल चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. चढ याहून तीव्र होऊ द्यायचा नसेल तर उंची गाठायला लांबी लागते. म्हणून डोंगराच्या कुशीने जाणारी लांब वाट, २५ बोगदे, ८ मोठे पूल आणि गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन. खोपोली थेट कड्याच्या तळाशी आहे, तिथून ही लांबी मिळणे शक्य नव्हते. १८६३ मध्ये घाट सुरू झाला त्या दिवशी पुण्याची वाहतूक पळसदरीहून वर वळली आणि खोपोली मुख्य मार्गावरून बाजूला पडले.

त्याच चढामुळे आजही लोकल कर्जतच्या पुढे घाट चढत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लागतात. लोकलचा शेवट म्हणूनच दोन ठिकाणी होतो, कर्जतला आणि खोपोलीला.

(रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद पडले. फलकावर ते "आजही आहे" असे लिहू नका.)

दगडीकाम
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. सर्वांत जास्त चुका जुन्या रुळांवरून होतात. कुंपणाला, शेडच्या खांबांना, फाटकाजवळ कापलेले रूळ उभे केलेले असतात. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर, म्हणजे वेबवर, कारखान्याचे नाव, वर्ष आणि वजन उठावाने आलेले असते. जुन्या रुळांवर वजन यार्डाला पौंडात असते: ९० पौंडी म्हणजे मीटरला सुमारे ४४.६ किलो. नंतरचे ५२ आणि ६० किलोचे.

वाचायची पद्धत: सुका ब्रश मारून धूळ काढा, टॉर्च जवळजवळ रुळाला टेकवून तिरपा प्रकाश टाका. तरी दिसले नाही तर पातळ कागद धरून त्यावर मेणखडू आडवा घासा. रंग खरवडू नका, अक्षराची कड त्याबरोबर जाते.

पण ते वर्ष रूळ कारखान्यात तयार झाल्याचे आहे, खांब उभा केल्याचे नाही. रूळ आधी मुख्य मार्गावर झिजतो, मग फाट्यावर येतो, मग सायडिंगला (गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळाला), शेवटी कुंपणाला. त्यामुळे १९०४ चा रूळ दिसला तर एवढेच म्हणता येते की हे कुंपण १९०४ च्या आधीचे नाही. १९६० चेही असू शकते.

दुडोकी रूळ, म्हणजे वर-खाली सारखेच डोके असलेला, सापडला तर तो खरोखर जुन्या पिढीचा. एक बाजू झिजली की उलटून वापरायचा असा बेत होता. प्रत्यक्षात खालचे डोके लोखंडी खुर्चीत, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या बैठकीत, बसून ठेचले जायचे आणि उलटल्यावर गाडी खडखडायची. सपाट बुडाच्या रुळाने पुढे त्याची जागा घेतली.

इमारतीसाठी दरवाजाचा उंबरा बघा. जुनी खोली फलाटापेक्षा खाली असेल आणि आत जायला पायरी उतरावी लागत असेल, तर इमारत उभी असताना फलाट चढवला आहे. चुना की सिमेंट हे बाहेरच्या सांध्यावरून ठरवू नका. दरजा वरून सिमेंटने भरलेल्या असतात आणि मूळ चुना एक-दोन सेंटीमीटर आत असतो. पावसापासून झाकलेल्या कोपऱ्यात बघा, चुन्यात पांढरे खडे दिसतात.

फलाट टप्प्याटप्प्याने लांबतो. लोकलचा डबा सुमारे २१ मीटर धरा: ९ डब्यांना १९० च्या आसपास, १२ डब्यांना २५० हून थोडे जास्त. कडेच्या दगडाची जात जिथे बदलते, दगड जाऊन काँक्रीटची लादी येते, तिथपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. बऱ्याचदा ते या आकड्यांपैकी एकाशी जुळते.

आणि माझा खरा सल्ला: १८५६ चे काही शिल्लक असेल तर ते स्टेशनात नाही, मोऱ्यांत, म्हणजे रुळांखालून पाणी जाऊ देणाऱ्या छोट्या पुलांत, शोधा. छोटी दगडी कमान गाडीचा भार पेलत असेल तर तिला कोणी हात लावत नाही. मात्र रुळांत उतरून नव्हे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ खाली विनापरवाना प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

घाटपायथा
फार उपयोगी. कागदपत्रांचे कोणी सांगेल का? कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याचे जुने गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, उघडले, त्यात खोपोलीचा पत्ताच नाही.

जुने_नकाशे
मिळणार नाही. ते गॅझेटियर निघाले तेव्हा खोपोली ज्यात येई तो कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १८८२ चे ठाण्याचे गॅझेटियर घ्या: खंड १३ (दोन भाग), त्यात दळणवळण, आणि खंड १४, त्यात स्थळांची वर्णानुक्रमे माहिती. खोपोली तिथे "खोपिवली" या नावाखाली शोधा. इंग्रजी कागदांत "कॅम्पूली" असेही येते. कल्याणचे "कॅलियन", ठाण्याचे "टॅना", नेरळचे "नारेल". ही रूपे माहीत नसतील तर शोधयंत्र रिकाम्या हाताने परत पाठवते.

जुनी वेळापत्रके मिळाली तर घड्याळाचा घोळ लक्षात घ्या. १९०५ मध्ये प्रमाणवेळ येण्याआधी रेल्वे मद्रास वेळेवर चाले आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारे ३० मिनिटे पुढे होती. गावातल्या घड्याळात साडेनऊ असताना स्टेशनात दहा. वर्तमानपत्रातली वेळ आणि वेळापत्रकातली वेळ जुळत नाही म्हणून एकाला खोटे ठरवू नका.

मूळ पत्रव्यवहारासाठी मुंबईचे पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वेविषयक खंड बघा. "खोपोली स्टेशन" असे मागू नका. वर्ष आणि खाते सांगा, आधी अनुक्रमणिका चाळा.

अलीकडच्या काळासाठी माहितीचा अधिकार. अर्ज मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रत पानाला २ रुपये. "फलाट का वाढवला?" असे विचारलेत तर अर्ज बाद होईल, कारण कारणे नाही, कागद मागायचे असतात. असे लिहा: पळसदरी-खोपोली तुकड्याच्या पूल-नोंदवहीतील बांधकाम-वर्षाचे उतारे, फलाट वाढवल्याचे पूर्णत्व-नकाशे (काम पुरे झाल्यावर काढलेले नकाशे), जमिनीचा नकाशा. शिवाय कागद प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागा, पहिला तास विनामूल्य असतो. "जुने आहे" या सबबीवर नकार आला तर कलम ८(३) वाचा: २० वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती काही मोजके अपवाद सोडता द्यावी लागते.

घाटपायथा
पहिल्या ओळीचा मसुदा: "खोपोली रेल्वे स्थानकाची स्थापना १२ मे १८५६ रोजी झाली. ही इमारत त्याच काळातील आहे." चालेल?

सांधेवाला
दोन्ही वाक्ये बदला. १२ मे ही मार्ग वाहतुकीला खुला झाल्याची तारीख आहे, "स्थापना" म्हटले की ती इमारतीला चिकटते. इमारतीचे वर्ष पूर्णत्व-नकाशा हातात येईपर्यंत लिहूच नका. असे चालेल: "१२ मे १८५६ रोजी मुंबईहून खोपोलीपर्यंत लोहमार्ग खुला झाला. १४ मे १८६३ रोजी बोरघाट सुरू होईपर्यंत पुण्याकडे जाणारे प्रवासी येथे उतरून रस्त्याने घाट चढत."

दगडीकाम
शब्द थोडेच झाले, जागा उरेल. तिथे पळसदरीचा सांधा दाखवणारा साधा रेघांचा नकाशा काढा. घाट वर गेला आणि खोपोली खाली राहिले हे त्यात एका नजरेत दिसते, वाक्यात दिसत नाही.