मुलीने अत्याचार सांगितला, तर शाळेने आधी काय करायचं?

वर्गशिक्षिका: घरातला नातेवाईक त्रास देतो असं सातवीतल्या मुलीने सांगितलं, तर आधी पालकांना बोलवावं का? बाहेरच्या देशांत काय करतात?

वकील_नाशिक: पालकांना आधी अजिबात नको. घरून दबाव आला की मूल शब्द फिरवतं. पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदा, 2012, कलम 19: थेट पोलिसांना कळवणं बंधनकारक. खात्री करून घेणं तुमचं काम नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा.

समुपदेशक: तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहा. "काकानेच केलं ना?" असं विचारलंत, तर कोर्टात पढवलेली साक्ष म्हणतील. "मग काय झालं?" एवढंच पुरे. "कुणाला सांगणार नाही" हे वचन कृपा करून देऊ नका. मदतीला 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच.

बालहक्क: आइसलँडने 1998 मध्ये बार्नाहूस सुरू केलं. घरासारख्या एकाच जागी मूल प्रशिक्षित व्यक्तीशी बोलतं. पोलीस, वकील शेजारच्या खोलीतून पाहतात, चित्रीकरण होतं. पुन्हा पुन्हा तेच सांगण्याचा छळ टळतो. स्वीडननेही हे उचललं. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात हवंच.