खासगी पायथन कोड: दर प्रोजेक्टमध्ये कॉपी न करता इम्पोर्ट कसा करायचा?

प्रश्न:
तारखा आणि रकमा साफ करायची माझी एक फाइल आहे, 'सफाई.पाय'. पाच प्रोजेक्टमध्ये तिच्या पाच कॉप्या झाल्यात. मागच्या महिन्यात तारखेतला महिना आणि दिवस उलटे वाचायची चूक सापडली. तीन ठिकाणी दुरुस्त केली, दोन विसरलो. त्यातल्या एका ठिकाणचा रिपोर्ट पुढे गेलासुद्धा! मग कॉप्या काढल्या आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर 'सिस.पाथ.अपेंड' (कोड कुठल्या फोल्डरात शोधायचा ते पायथनला सांगणारी ओळ) लावलं. लॅपटॉप बदलला, पाथ बदलला, सगळं कोसळलं.

कोड पायपीआयवर (पायथनची पॅकेजेस सगळ्यांसाठी ठेवतात ती सार्वजनिक जागा) टाकायचा नाही, आमचा आहे. पण पांडाज लायब्ररी जशी इम्पोर्ट होते तसं हे व्हावं. जुन्या ट्युटोरियलमध्ये 'सेटअप.पाय इन्स्टॉल' सांगितलंय. तेच करू का? आणि दर बदलानंतर परत इन्स्टॉल करत बसायचं का?

उत्तर १:
ते ट्युटोरियल बंद करा. ती आज्ञा कधीच मोडीत निघाली. पायपीआयचा तर इथे संबंधच नाही, पिप (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करायचं साधन) साध्या फोल्डरवरूनही इन्स्टॉल करतं.

एक फोल्डर घ्या. त्यात 'एसआरसी', त्याच्या आत 'सफाई' नावाचं फोल्डर, त्यात तुमची फाइल आणि रिकामी 'इनिट' फाइल (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर). 'एसआरसी'च्या शेजारी, बाहेर, 'पायप्रोजेक्ट.टॉमल' ही पॅकेजची माहिती लिहायची फाइल. त्यात बिल्डसाठी, म्हणजे पॅकेज बांधायला, सेटअपटूल्स, आणि प्रोजेक्टचं नाव, व्हर्जन, डिपेंडन्सी (त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस). आठ-दहा ओळींत संपतं. मग वापरायचं त्या प्रोजेक्टचं व्हेन्व्ह (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) चालू करून:

पायथन -एम पिप इन्स्टॉल -ई ../सफाई

या '-ई'मुळे कोड कॉपी होत नाही, तुमच्या मूळ फोल्डरकडे बोट दाखवलं जातं. फाइल बदलली की पुढच्या रनला नवा कोड. डिपेंडन्सी किंवा नाव बदललं तरच परत इन्स्टॉल. पिप २१.३ च्या आधीचं असेल तर नुसत्या टॉमलवर '-ई' चालत नाही, आधी पिप अपग्रेड करा.

उत्तर २:
टॉमलमध्ये क्लासिफायर (पॅकेजला लावायचं लेबल) म्हणून 'प्रायव्हेट :: डू नॉट अपलोड' टाकून ठेवा. 'प्रायव्हेट ::'ने सुरू होणारं काहीही पायपीआय नाकारतं. कंटाळलेल्या संध्याकाळी चुकून अपलोडची आज्ञा दिली, तर तेवढीच कडी.

एसआरसी कशाला हवं, असं मलाही वाटायचं. ते नसलं की पायथन चालू फोल्डरमधूनच पॅकेज उचलतं. टेस्ट हिरव्या, आणि इन्स्टॉल केलेलं पॅकेज अर्धवट!

प्रश्नकर्ता:
माझ्याकडे झालं! आधी 'मॉड्यूल नॉट फाउंड' येत होतं, कारण मी नुसतं 'पिप' मारत होतो आणि ते दुसऱ्याच पायथनचं निघालं. 'पायथन -एम पिप'ने सुटलं.

पण सहकाऱ्याला व्हील (इन्स्टॉल करायला तयार अशी पॅकेजची एकच फाइल) बनवून दिलं, तर त्याच्याकडे पॅकेजमधली 'सुट्ट्या.सीएसव्ही' सापडत नाही म्हणून बोंब. माझ्याकडे तीच फाइल व्यवस्थित वाचली जाते.

उत्तर १:
तुमच्याकडे '-ई' आहे, म्हणून मूळ फोल्डरातली सीएसव्ही दिसते. व्हील म्हणजे झिपच असते, उघडून बघा, सीएसव्ही आत नसणार. तुमच्या या मांडणीत सेटअपटूल्स फक्त पायथनच्या फाइली उचलतं. टॉमलमध्ये 'टूल.सेटअपटूल्स.पॅकेज-डेटा' या भागात 'सफाई'समोर '*.सीएसव्ही' लिहा. कोडमध्ये पाथ हाताने जोडू नका, 'इम्पोर्टलिब.रिसोर्सेस'मधलं 'फाइल्स' वापरा (पायथन ३.९ पासून).

आणि नवी व्हील देताना व्हर्जन वाढवा. तेच व्हर्जन दिसलं तर पिप 'आधीच आहे' म्हणून सोडून देतं, आणि सहकारी तुम्हाला परत फोन करतो. माझा एक अख्खा दुपारचा वेळ यात गेलाय.

प्रश्नकर्ता:
झिप उघडली. सीएसव्ही नव्हतीच, उलट मी कधीच काढून टाकलेली 'सफाई_जुनी.पाय' आत बसलेली!

उत्तर २:
'बिल्ड' फोल्डर उडवा आणि परत बनवा. तिथे जुनी फाइल साचून राहिलेली असते.