सोशल सायकॉलॉजीत एमए म्हणजे वेळेचा अपव्यय?

गोदाकाठची: काल सिडकोकाकांनी लिहिलं, "पुतणी सोशल सायकॉलॉजीत एमए करायचं म्हणतेय, जे आजीला फुकटात कळतं त्याला दोन वर्षं कशाला?" डोकंच फिरलं. काका, आजीला विचारा, कंटाळवाणं काम करून "मजा आली" असं पुढच्याला खोटं सांगायला एकाला १ डॉलर दिला नि दुसऱ्याला २०, तर नंतर ते काम खरंच आवडलं असं कोण म्हणेल? फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये हे छापलंय, १ डॉलरवाला! एवढ्याशा पैशासाठी खोटं बोललो हे पचत नाही, मग मनच समजूत घालतं की काम तसं बरंच होतं.

सिडकोकाका: तुटपुंज्या पगारात "आमची कंपनी लई भारी" म्हणणारे आपल्या नाशिकच्या अंबडला कारखान्यात प्रत्येक शिफ्टला भेटतील. म्हणजे आजीच बरोबर, आभारी आहे.

नापास_नाही: मी केलंय हे एमए. मिलग्रॅमच्या प्रयोगात नुसतं सांगितलं म्हणून ६५ टक्के लोक समोरच्याला (खोटा) शॉक देत ४५० व्होल्टपर्यंत गेले हे पाठ, स्वतः प्रयोग एक नाही. झिंबार्डोने पोरांना कैदी नि गार्ड बनवून मांडलेलं लुटुपुटूचं जेल सहा दिवसात बंद पडलं हे शिकवलं, गार्डांना कडक वागायला आधी पढवलं होतं ते कुणी सांगितलंच नाही. २०१५ ला जुने प्रयोग परत करून बघितले तेव्हा सोशल सायकॉलॉजीच्या प्रयोगांपैकी चारात एकच टिकला.

गोदाकाठची: अहो पण ते शोधून काढणारेही सायकॉलॉजीवालेच ना!! आणि बघ्यांचं काय? मागच्या पावसाळ्यात द्वारका सर्कलला माझी गाडी घसरली, पन्नास जण बघत उभे, धावली कोण तर एकटी भाजीवाली मावशी. गर्दीत जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

पंचवटीकर: द्वारकेचं नाव काढू नका, बीपी वाढतो. वर उड्डाणपूल, खाली भुयारी मार्ग, त्यात उतरतं कोण? मी रोज वीस मिनिटं तिथे सडतो.

सिडकोकाका: वीसच? नशीबवान आहात. रिक्षावाले मधेच थांबतात त्याचं बोला.

रिक्षावाल्याचा_पोरगा: आमच्या बापाला थांबायला जागा दाखवा ना आधी! आणि मदत कशी करणार, पूर्वी जखमीला नेलं की पोलीस त्यालाच बसवून ठेवायचे.

नापास_नाही: आता नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने नाव सांगायचीही सक्ती नाही.

रिक्षावाल्याचा_पोरगा: कायदा पुण्यामुंबईत वाचतात, चौकीत नाही.

गोदाकाठची: विषय एमएचा होता.

सिडकोकाका: बरं बाई, भरू दे फॉर्म. आजीला सांगत नाही. पण पंचवटीकर, सकाळी नऊला द्वारकेऐवजी जाता कुठून तुम्ही?